वाचकांचे प्रश्न : स्कार्पेटा जुनी बरी की नवी?

अमेरिकन रहस्यकथा लेखिका पॅट्रिशिया कॉर्नवेल आणि तिची शवविच्छेदन करणारी डॉक्टर नायिका के स्कार्पेटा यांच्यावर गेल्या अंकात टिपण आले होते. १९९०पासून २०२५पर्यंत आलेल्या एकोणतीस कादंबऱ्यांतल्या पहिल्या आठ-नऊ उत्तम आणि पुढच्या उतरत्या, असे त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांत सरळ दोन तट पडलेले दिसतात, म्हणून हे पूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. एक सूचना आधीच : खुनी कोण, हे खाली कुठेही उघड केलेले नाही. पात्रांच्या आयुष्यातल्या काही घडामोडी मात्र सांगाव्या लागल्या आहेत. त्या आधी कळायला नको असतील, तर पुस्तकांच्या क्रमाचा आणि स्कार्पेटाचा जोडीदार बेन्टन याच्याबद्दलचा, असे दोन प्रश्न सोडून द्या.

प्रश्न : ‘पोस्टमॉर्टेम’, ‘ऑल दॅट रिमेन्स’, ‘क्रुअल अँड अनयूज्वल’ मी एका बैठकीत संपवल्या. ‘डिप्रेव्ह्ड हार्ट’ आणि ‘केऑस’ मात्र अर्ध्यावर ठेवून दिल्या. लेखिका तीच, पात्रे तीच, शवागारही तेच. मग बिघडले काय? की माझेच वाचन मंदावले? (कोल्हापूर)

उत्तर : तुमचे वाचन मंदावलेले नाही. कादंबरीची बांधणीच बदलली आहे, आणि कुठे बदलली ते बोट ठेवून दाखवता येते.

पहिला बदल निवेदनाचा. सुरुवातीच्या कादंबऱ्या स्कार्पेटा स्वतः सांगते, भूतकाळात. तिला जेव्हा कळते तेव्हाच आपल्याला कळते. प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नसेल, तर तिच्याबरोबर आपणही ताटकळतो. ही वाट पाहणे हाच त्या पुस्तकांचा ताण होता. २०००च्या ‘द लास्ट प्रीसिंक्ट’मध्ये लेखिका वर्तमानकाळात आली, आणि २००३च्या ‘ब्लो फ्लाय’पासून तिने प्रथमपुरुषी निवेदनच सोडले. त्यापासून २००९च्या ‘द स्कार्पेटा फॅक्टर’पर्यंत सहा कादंबऱ्या तृतीयपुरुषी आहेत. प्रकरणे आखूड, दर प्रकरणात वेगळ्या माणसाची नजर, आणि ‘ब्लो फ्लाय’मध्ये तर आपण थेट गुन्हेगाराच्या डोक्यात शिरतो. त्याला आधीच पाहिल्यावर ‘कोणी केले’ हा प्रश्न उरत नाही, ‘कधी सापडेल’ एवढाच उरतो. ज्याला पाठलाग आवडतो त्याला हे रुचले. ज्याला पुराव्यावरून माग काढणे आवडत होते त्याची पुस्तकाशी असलेली गाठ इथेच सुटली.

२०१०च्या ‘पोर्ट मॉर्च्युअरी’त स्कार्पेटा पुन्हा ‘मी’ म्हणून बोलू लागली. पण तोवर दुसरा बदल झाला होता. पूर्वी एका कादंबरीत आठवडे, क्वचित महिने जात. शवविच्छेदन, नमुने पाठवणे, न्यायालय, पुन्हा एक मृतदेह, असा कामाचा एक क्रम होता. नंतरच्या अनेक कादंबऱ्या एक-दोन दिवसांत उरकतात. ‘डिप्रेव्ह्ड हार्ट’मध्ये (२०१५) स्कार्पेटा मृत्यूच्या जागी उभी असताना तिच्या फोनवर जुने चित्रण येते. ती ते पाहत राहते आणि पुस्तकाचा मोठा भाग त्या चित्रणात आणि त्यावरच्या तिच्या विचारांत जातो. ‘केऑस’मध्ये (२०१६) अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये उष्म्याची लाट आहे, सायकलवरून जाणारी एक तरुणी मरून पडलेली आहे, विजेचा धक्का बसल्यासारख्या खुणा आहेत. इतकी चांगली सुरुवात हाताशी असून स्कार्पेटा त्या मृतदेहापर्यंत पोहोचायला फार वेळ घेते. वाट तिथेही पाहावी लागते, पण ती अहवालाची नसते. नायिकेने हातमोजे कधी चढवावेत याची असते.

तिसरा बदल धोक्याच्या आकाराचा. ‘पोस्टमॉर्टेम’मधला खुनी एका शहरातला एक माणूस आहे. १९८७मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडमध्ये खरोखर झालेल्या स्त्रियांच्या खुनांची छाया त्या कादंबरीवर आहे. त्या प्रकरणातला गुन्हेगार टिमथी स्पेन्सर याला १९९४मध्ये देहदंड झाला, आणि डीएनए पुराव्याच्या आधारे दोषी ठरून अमेरिकेत देहदंड झालेला तो पहिला माणूस. अशा धोक्याची भीती वाटते, कारण खिडकीची कडी लावायची राहिली की तो आत येऊ शकतो. पुढे खलनायक पुन्हा पुन्हा स्कार्पेटाच्या घरच्यांवरच उठू लागले. प्रत्येक खून शेवटी नायिकेच्या कुटुंबापाशी येऊन पोहोचू लागला की बळी गेलेला माणूस गौण होतो. आमच्या मते सगळ्यात मोठे नुकसान हेच. जुन्या स्कार्पेटाचा मोठेपणा हा होता की तिच्या टेबलावरचा मृत माणूस हाच कथेचा नायक असे.

प्रश्न : तुम्ही टिपणात नव्या कादंबऱ्यांवर अन्याय केला आहे. मी ‘ऑटॉप्सी’पासून वाचायला लागले आणि पाठोपाठ सगळ्या वाचल्या. जुन्या नंतर वाचल्या तर त्या संथ वाटल्या. नवे ते वाईटच, हे आधीच ठरवून लिहिता का? (मडगाव)

उत्तर : नव्या कादंबऱ्यांचे दोन गट करायला हवे होते, ते टिपणात राहून गेले. २०१६च्या ‘केऑस’नंतर पाच वर्षे स्कार्पेटा आली नाही. मध्ये कॉर्नवेलने नासाच्या पार्श्वभूमीवर ‘क्वांटम’ (२०१९) आणि ‘स्पिन’ (२०२१) लिहिल्या. मग २०२१च्या अखेरीस ‘ऑटॉप्सी’ आली. त्यानंतर ‘लिव्हिड’ (२०२२), ‘अननॅचरल डेथ’ (२०२३), ‘आयडेंटिटी अननोन’ (२०२४) आणि ‘शार्प फोर्स’ (२०२५). या पाच कादंबऱ्या आणि २००३ ते २०१६मधल्या कादंबऱ्या एका तागडीत घालता येत नाहीत.

‘ऑटॉप्सी’त स्कार्पेटा मॅसॅच्युसेट्स सोडून व्हर्जिनियात मुख्य वैद्यकीय परीक्षक म्हणून परतते. तिच्याबरोबर कार्यालयातले राजकारणही परतते : आधीच्या अधिकाऱ्याने करून ठेवलेला घोळ, अडवणूक करणारे सहकारी, दाबून ठेवलेल्या फायली. पहिल्या कादंबऱ्यांत हाच भाग सगळ्यात खरा होता, कारण लेखिकेने रिचमंडच्या त्या कार्यालयात सहा वर्षे काम केले होते, आधी तांत्रिक लेखन आणि मग संगणकाचे काम. ‘लिव्हिड’ची सुरुवात न्यायालयातल्या उलटतपासणीने होते. साक्षीला उभ्या राहिलेल्या डॉक्टरला वकील कसा कोंडीत पकडतो, हे वाचताना जुनी कॉर्नवेल भेटते. त्याच कादंबरीत मृत स्त्रीच्या बागेतली झाडे आणि किडे मेलेले सापडतात. मृतदेहापासून सुरू होऊन बाहेर पसरत जाणारे असे कोडे तिने बऱ्याच वर्षांनी रचले.

एवढे मान्य करूनही दोन तक्रारी राहतात. एक, शेवट घाईचे आहेत. धागे सावकाश पसरले जातात आणि शेवटच्या थोड्या पानांत एकदम ओढून बांधले जातात. दुसरी तक्रार विषयांची. ‘ऑटॉप्सी’त रेल्वेमार्गाजवळचा खून आणि अंतराळातल्या प्रयोगशाळेतले मृत्यू शेजारी शेजारी चालतात. ‘अननॅचरल डेथ’मध्ये जंगलात बिगफूट या दंतकथेतल्या केसाळ प्राण्याचा म्हणावा असा पायाचा ठसा आहे, ‘आयडेंटिटी अननोन’मध्ये मृतदेह आकाशातून टाकल्यासारखा पडलेला आहे. तुम्ही विज्ञानकथा आवडीने वाचत असाल तर हे सगळे तुम्हाला रंजक वाटणारच. १९९०च्या दशकातल्या वाचकाला मात्र स्कार्पेटाने पृथ्वीवरच राहावे असे वाटते, आणि त्याच्या म्हणण्यालाही आधार आहे. नायिकेचे सामर्थ्य हे की ती प्रत्यक्ष हाताला लागेल त्यावरच बोलते. पुरावा जितका गुप्त खात्यांकडून आणि उपग्रहांकडून येतो, तितके तिच्या हाताला काम उरत नाही.

जुन्या संथ वाटल्या याचे कारणही सरळ आहे. त्या काळात ज्या तपासण्या नवलाच्या होत्या, त्या आज दूरदर्शन मालिकांमुळे घरोघरी ठाऊक झाल्या आहेत. लेझरच्या प्रकाशात चमकणारे कण १९९०मध्ये वाचकाने पहिल्यांदा पाहिले होते.

प्रश्न : एकोणतीस पुस्तके विकत घेणे परवडत नाही. कोणती घ्यावीत, कोणत्या क्रमाने? (नाशिक)

उत्तर : आधी ‘पोस्टमॉर्टेम’ (१९९०). एका वर्षात एडगर, क्रीझी, अँथनी आणि मॅकॅव्हिटी असे पुरस्कार मिळवणारी ही पहिली कादंबरी आहे, पण ती घ्यायची कारण स्कार्पेटा, तपास अधिकारी पीट मरिनो आणि दहा वर्षांची भाची ल्यूसी यांचे नाते इथे रुजते. मग ‘क्रुअल अँड अनयूज्वल’ (१९९३). देहदंड झालेल्या कैद्याचे ठसे त्यानंतरच्या खुनाच्या जागी सापडतात, एवढ्या एका कल्पनेवर ती उभी आहे. हिला ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा गोल्ड डॅगर मिळाला. तिसरी ‘द बॉडी फार्म’ (१९९४). नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठात मृतदेह उघड्यावर ठेवून त्यांचे विघटन अभ्यासतात, ती खरीखुरी संस्था इथे येते, आणि अंगावरच्या एका चमत्कारिक खुणेचा उलगडा करण्यासाठी तिथे मुद्दाम प्रयोग केला जातो.

या तिन्ही आवडल्या तर ‘फ्रॉम पॉटर्स फील्ड’ (१९९५) आणि ‘पॉइंट ऑफ ओरिजिन’ (१९९८) याच क्रमाने घ्या. ‘पॉइंट ऑफ ओरिजिन’ आधी वाचू नका, मागचे संदर्भ नसतील तर तिचा शेवट बोथट होतो. तिथून थेट ‘ऑटॉप्सी’वर गेलात तरी चालेल, फक्त तीन गोष्टी माहीत असाव्यात : ल्यूसी मोठी होऊन तपास यंत्रणांत आणि संगणकाच्या जगात नाव मिळवून आहे, मरिनोचे लग्न स्कार्पेटाच्या बहिणीशी, डॉरथीशी झाले आहे, आणि करोनाच्या साथीत ल्यूसीने आपली माणसे गमावली आहेत.

मधल्यांपैकी एकच वाचायची असेल तर ‘पोर्ट मॉर्च्युअरी’ घ्या. युद्धात मेलेल्या सैनिकांचे मृतदेह डेलावेअरच्या डोव्हर हवाई तळावर कसे येतात आणि सीटी स्कॅनच्या मदतीने शवविच्छेदन कसे करतात, याचे वर्णन इतरत्र मिळणे कठीण. या मालिकेत न येणाऱ्या, अँडी ब्राझील आणि विन गरानो यांच्या कादंबऱ्यांवर पैसे घालू नका.

प्रश्न : ‘पोस्टमॉर्टेम’मध्ये डीएनएचा निकाल यायला आठवडे लागतात. हे कथा लांबवण्यासाठी केले आहे का? (नागपूर)

उत्तर : नाही, तेव्हा तसेच होते. त्या काळच्या पद्धतीत डीएनएचे तुकडे करून ते जेलीसारख्या थरात लांबीप्रमाणे वेगळे करत, पातळ पटलावर उतरवत आणि त्यावर किरणोत्सर्गी प्रोब (डीएनएच्या ठरावीक भागाला चिकटणारा तुकडा) लावून एक्स-रे फिल्मवर ठसा उमटण्याची वाट पाहत. एका प्रोबला काही दिवस, आणि असे प्रोब एकामागून एक चार-पाच लावावे लागत. नमुनाही भरपूर आणि न सडलेला लागे. आज डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर पद्धतीने एका नॅनोग्रॅमपेक्षा कमी डीएनएवरही काम होते आणि प्रत्यक्ष तपासणी एक-दोन दिवसांत आटोपते. उशीर होतो तो रांगेमुळे. नव्या कादंबऱ्यांतला ताण सैल होण्यामागे हेही एक कारण आहे. विज्ञानाने वाट पाहणे कमी केले आणि लेखिकेला त्या जागी दुसरे काहीतरी भरावे लागले.

प्रश्न : स्कार्पेटासारखी न्यायवैद्यक डॉक्टर नायिका घेऊन मराठीत कादंबरी लिहितो आहे. महाराष्ट्रात घडवायची तर काय जसेच्या तसे उचलता येणार नाही? (ठाणे)

उत्तर : पहिली गोष्ट, स्कार्पेटाचे पदच आपल्याकडे नाही. व्हर्जिनियात संपूर्ण राज्यासाठी एक मुख्य वैद्यकीय परीक्षक असतो आणि मृत्यूचे कारण व प्रकार ठरवण्याचा अधिकार त्या कार्यालयाचा असतो. आपल्याकडे मृत्यूची चौकशी पोलिसांची असते. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४खाली (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४) पंचांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा होतो आणि मग पोलिसांच्या पत्रासह मृतदेह डॉक्टरकडे येतो. डॉक्टर कारणाबद्दल मत देतो. खून की आत्महत्या हे ठरवणे त्याच्या हातात नसते. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी दंडाधिकारी करतात. मुंबईत मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर हा अधिकारी होता, ते पद १९९९मध्ये रद्द झाले. म्हणून तुमच्या नायिकेने तपास अधिकाऱ्याला हुकूम सोडले, की जाणकार वाचक पुस्तक मिटेल. तिची शक्ती अहवालातल्या एका ओळीत ठेवा. ‘मृत्यूच्या कारणाबद्दल मत राखून ठेवले आहे, व्हिसेरा रासायनिक तपासणीसाठी’ ही ओळ (व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले अवयव) आपल्याकडे महिनोन्‌महिने प्रकरण लोंबकळत ठेवू शकते. १९९०च्या स्कार्पेटाचा हरवलेला ताण तुम्हाला इथे आयता मिळेल. पोलीस ठाण्यातली माणसे त्याला ‘सीए (केमिकल अॅनालायझरचा) रिपोर्ट आला नाही’ असे म्हणतात, तेच शब्द वापरा.

व्हिसेराचे तपशील चुकवू नका. जठर त्यातल्या पदार्थांसह आणि लहान आतड्याचा वरचा सुमारे ३० सेंटिमीटर भाग एका बरणीत. यकृताचा तुकडा, प्लीहा आणि दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे अर्धे भाग दुसऱ्या बरणीत. रक्त वेगळे. बरणी दोन तृतीयांशच भरतात, कारण वायू साठून झाकण उडू शकते. अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, पण आम्लाने विषबाधा झाल्याचा संशय असेल तर मिठाऐवजी रेक्टिफाइड स्पिरिट. उलट दारूचा अंश शोधायचा असेल तर स्पिरिटमध्ये ठेवणे म्हणजे पुरावा नासवणे, आणि रक्तात सोडियम फ्लोराइड घालायचे राहिले तर कुजण्याच्या क्रियेत अल्कोहोल नव्याने तयार होऊ शकते. वापरलेल्या द्रावणाचा नमुनाही सोबत पाठवतात. नेमका तो विसरला गेला, तर बचाव पक्षाच्या वकिलाला बोलायला जागा मिळते. कथेला हवी तशी अडचण इथे आहे.

दुसरी चूक मृत्यूच्या वेळेची. अमेरिकन कादंबऱ्यांतले ‘शरीर तासाला दीड अंश फॅरनहाइटने थंड होते’ हे गणित थंड हवेचे आहे. मे महिन्यात विदर्भात पत्र्याच्या खोलीतले तापमानच शरीराएवढे किंवा जास्त असते. तिथे मृतदेह थंड होतच नाही, आणि थर्मामीटरवरून वेळ सांगणारी डॉक्टर उलटतपासणीत उघडी पडेल. ताठरताही आपल्या उन्हाळ्यात लवकर येते आणि लवकर उतरते. साधारण १८ ते ३६ तासांत ती गेलेली असते, हिवाळ्यात २४ ते ४८ तास टिकते. पाठीवर किंवा पोटाकडे उतरलेल्या रक्ताचे जांभळट डाग सहा ते बारा तासांत पक्के होतात. मृतदेह त्यानंतर उलटा केला असेल तर डाग जागचे हलत नाहीत. मृतदेह हलवला होता का, हे कळण्याचा हा भरवशाचा मार्ग.

आणखी दोन बदल लक्षात ठेवा. २०२१पासून सोयी असतील तिथे सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला केंद्राने परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह किंवा घातपाताचा संशय असेल तर एरवी रात्री करत नाहीत. सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच अपवाद. म्हणून मध्यरात्री ट्यूबलाइटखाली एकटी डॉक्टर खुनाचे शवविच्छेदन करते आहे, हे दृश्य लिहायचे तर त्याचे कारण द्या. आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेत सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे सक्तीचे करण्याची तरतूद आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने लागू करायला मुदत दिलेली आहे. तुमची कथा कोणत्या वर्षी घडते ते आधी ठरवा, मग घटनास्थळी कोण कोण होते ते लिहा.

प्रश्न : बेन्टन वेस्लीला मारून पुन्हा जिवंत केले. ही वाचकाची फसवणूक नाही का? त्यानंतर मी पुस्तके घेणेच बंद केले. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : ‘पॉइंट ऑफ ओरिजिन’मध्ये (१९९८) तो मारला जातो, ‘ब्लो फ्लाय’मध्ये (२००३) साक्षीदार संरक्षणाखाली जिवंत सापडतो. मधल्या दोन कादंबऱ्या, ‘ब्लॅक नोटिस’ आणि ‘द लास्ट प्रीसिंक्ट’, स्कार्पेटाच्या शोकावर उभ्या आहेत, आणि तो शोक लेखिकेने मनापासून लिहिला आहे. बेन्टन परतल्यावर त्या दोन्ही पुस्तकांचा पाया निघून गेला, त्यामुळे तुमचा राग रास्त आहे. शवविच्छेदन करणाऱ्या नायिकेच्या मालिकेत मृत्यू पक्का असायला हवा. ‘ब्लॅक नोटिस’ शोकाची कादंबरी म्हणून आजही वाचण्यासारखी आहे, एवढे मात्र सांगू.

प्रश्न : मालिकेत निकोल किडमन स्कार्पेटा झाली आहे म्हणून पंधरा वर्षांची मुलगी पुस्तके मागते आहे. द्यावीत का? (सोलापूर)

उत्तर : ‘पोस्टमॉर्टेम’ देऊ नका. स्त्रियांवरच्या लैंगिक हिंसेचे तपशील त्यात पहिल्या प्रकरणापासून आहेत. ‘द बॉडी फार्म’मध्ये अकरा वर्षांच्या मुलीचा खून आहे, आणि ‘बुक ऑफ द डेड’मध्ये (२००७) ओळखीच्या माणसाकडून होणाऱ्या अत्याचाराचा प्रसंग आहे. या दोन्ही सध्या बाजूला ठेवा. ‘कॉज ऑफ डेथ’पासून (१९९६) सुरुवात करता येईल. नदीत बुडी मारलेल्या माणसाच्या मृत्यूने ती सुरू होते आणि सुरुवातीला स्कार्पेटा स्वतः पाण्याखाली उतरते. आधी तुम्ही वाचा, मग तिच्या हातात द्या.